प्रॉपचा नॉब जागेवर का राहत नाही?

क्रूझमध्ये, म्हणजे एका उंचीवरच्या सरळ प्रवासात, प्रॉपच्या नॉबने प्रोपेलरचे २४०० आरपीएम लावावेत, जरा नकाशात डोकं घालावं, आणि दहा मिनिटांनी पाहावं तर काटा २४६० वर. पुन्हा नॉब ओढायचा, पुन्हा दहा मिनिटांनी तेच. जुन्या हलक्या विमानांत हा प्रकार इतका सर्रास चालतो की बरेच वैमानिक त्याला बिघाड म्हणतच नाहीत. या विमानाचा स्वभावच असा, म्हणून सोडून देतात. विमानाला स्वभाव नसतो. काहीतरी सरकतंय, आणि ते नेमकं कुठे सरकतंय हे शोधायला पेन्सिल, चिकटपट्टी आणि काउलिंग (इंजिनवरचं आवरण) उघडण्यापुरती हत्यारं एवढं पुरतं. हे न शोधता थेट नवा कंट्रोल (नॉब आणि केबलचा संच) मागवणारे बरेच असतात. त्यातल्या काहींचा नवा कंट्रोलही सरकतो.

आधी यंत्रणा डोळ्यांसमोर आणू. निळा नॉब किंवा लीव्हर प्रोपेलरला हात लावत नाही. एका पुश-पुल केबलने तो इंजिनवरच्या गव्हर्नरचा, म्हणजे आरपीएम स्थिर ठेवणाऱ्या यंत्राचा, छोटा आर्म फिरवतो, एवढंच. आर्म फिरला की आतली स्पीडर स्प्रिंग कमी-जास्त दाबली जाते. एका बाजूने ही स्प्रिंग आणि दुसऱ्या बाजूने इंजिनबरोबर गरगरणारी फ्लायवेट्स, या दोघांच्या रस्सीखेचीत पायलट व्हॉल्व्ह वर-खाली होतो आणि प्रोपेलरच्या हबमध्ये तेल सोडतो किंवा तिथलं तेल परत येऊ देतो. गव्हर्नरचा पंप इंजिनच्या तेलाचा दाब वाढवून साधारण ३०० पीएसआयपर्यंत नेतो, आणि एका इंजिनच्या बहुतेक विमानांत हाच दाब पात्यांचा पिच (कोन) वाढवतो. नॉब आत ढकलला की स्प्रिंग जास्त दाबली जाते आणि आरपीएम वाढतात. बाहेर ओढला की उलट.

दाबलेली स्पीडर स्प्रिंग आर्मला कमी आरपीएमकडे ढकलायला बघत असते. शिवाय बऱ्याच गव्हर्नरवर बाहेरून एक रिटर्न स्प्रिंग असते, ती आर्मला जास्त आरपीएमकडे ओढते. केबल तुटलीच तर प्रोपेलर फाइन पिचला, म्हणजे पात्यांच्या लहान कोनाला, जावा आणि वैमानिकाला पूर्ण ताकद मिळावी, यासाठी ती असते. म्हणजे आर्म कधीच निवांत बसलेला नसतो. कुणीतरी त्याला सतत ओढत असतं आणि कॉकपिटच्या टोकाला त्याला धरून ठेवणारं घर्षण किंवा कुलूप असतं. इंजिन बंद असताना हे घर्षण भक्कम वाटतं. इंजिन सुरू झालं की थरथरीने प्रत्येक सांधा क्षणाक्षणाला सुटतो आणि पुन्हा धरतो, आणि दर सुटण्यात केसभर सरकतो. म्हणून हँगरमध्ये नॉब ओढून ‘घट्ट तर आहे’ म्हणण्याला काही अर्थ नाही.

दिशा ही पहिली खूण. आरपीएम नेहमी वरच सरकत असतील तर रिटर्न स्प्रिंग तिचं काम करतेय आणि कॉकपिटच्या बाजूची पकड कमी पडतेय. नेहमी खाली सरकत असतील तर रिटर्न स्प्रिंग तुटली आहे का, निसटली आहे का, की त्या मॉडेलला मुळातच नाही, हे आधी पाहायचं. वर-खाली, ठरावीक लयीत हलत असतील तर मात्र हा कंट्रोलचा दोष बहुधा नाही. ते हंटिंग, आणि त्याचा शोध गव्हर्नर, तेल आणि हब यांच्यात घ्यायचा.

इथेच एका वाईट उपायाबद्दल सांगून टाकतो: रिटर्न स्प्रिंग काढणे किंवा वाकवून ढिली करणे. नॉब सरकायचा थांबतो, हे खरं. पण केबल तुटण्याच्या दिवसासाठी बसवलेली एकमेव सोय आपण किरकिर थांबवायला काढून टाकलेली असते. नॉबच्या दांड्यावर कपड्याचा चिमटा, रबरबँड, पॅनेल आणि नॉबमध्ये लाकडाची पाचर, हे त्याच माळेतले मणी. गो-अराउंडला, म्हणजे उतरणं सोडून पुन्हा चढताना, नॉब एका हाताने, न बघता, पूर्ण आत जायला हवा. त्याच्या वाटेत जे जे येतं ते चूक.

तीन खुणा

खुणा तीन ठिकाणी करायच्या. पहिली पॅनेलवर: नॉबच्या दांड्यावर चिकटपट्टीची अरुंद पट्टी, आणि आरपीएम लावल्यावर पॅनेलच्या कडेला लागून तिच्यावर पेन्सिलची रेघ. व्हर्निअर (फिरवून बारीक हलवता येणारा नॉब) असेल तर नॉबच्या वरच्या बाजूला आणखी एक उभी रेघ, कारण झिजलेला व्हर्निअर न सरकता थरथरीने नुसता फिरूनही हलू शकतो. दुसरी खूण केबलच्या बाहेरच्या कॉन्ड्युइटवर, फायरवॉलपाशी (इंजिन आणि केबिनमधली भिंत) आणि गव्हर्नरजवळच्या शेवटच्या क्लॅम्पपाशी: क्लॅम्प आणि कॉन्ड्युइट दोन्हींवरून जाणारी टॉर्क सीलची (सांधा हलला की तडकणाऱ्या रंगाची) एक रेघ. तिसरी गव्हर्नरवर: आर्मच्या बुडापासून शाफ्टच्या टोकापर्यंत एक रेघ.

मग अर्धा तास उड्डाण. आरपीएम सरकले आणि पॅनेलवरची रेघही सरकली, तर दोष कॉकपिटच्या टोकाला. नॉब जागेवर पण क्लॅम्पची रेघ तुटली, तर कॉन्ड्युइट हलतंय. आर्म आणि शाफ्टमधली रेघ तुटली, तर आर्म दात्यांवर घसरतोय. हे गंभीर आहे, ते सापडल्यावर पुढचं उड्डाण नाही.

एकही रेघ हललेली नाही आणि तरीही काटा हलतो, असंही होतं. तेव्हा आधी टॅकोमीटरवर, म्हणजे आरपीएम दाखवणाऱ्या यंत्रावरच, संशय घ्यायचा. जुन्या विमानांतला यांत्रिक टॅको लांबलचक फिरत्या केबलवर चालतो. आतला चुंबक आणि ड्रॅग कप म्हातारा झाला की तापमानाबरोबर वाचन सरकतं. ऑप्टिकल टॅको विंडशील्डमधून प्रोपेलरकडे धरून ताडून पाहावा. पाती दोन की तीन हे त्या यंत्रात आधी सांगायचं विसरू नका, नाहीतर नसलेल्या दोषाच्या मागे दिवस जाईल.

उड्डाणाव्यतिरिक्त आणखी एक परीक्षा. इंजिन बंद, काउलिंग उतरवलेलं. एकाने आत बसून नॉब सावकाश आत-बाहेर करायचा, दुसऱ्याने बाहेरून केबल पाहायची. आतली तार हलायला हवी, कॉन्ड्युइट नाही. कॉन्ड्युइट जर दरवेळी फुगून, वळून मग आर्म हलत असेल, तर नॉबची बरीचशी चाल ते वळणच खातंय आणि थरथरीत तीच चाल हळूहळू परत देतंय. रेघ न तुटताही आरपीएम सरकतात ते यामुळे.

प्रोपेलरजवळ काम करण्याआधीची शिस्त सगळ्यांना ठाऊक असते आणि तरीही अपघात होतात, म्हणून एका ओळीत: मॅग्नेटो (इंजिनला ठिणगी देणारं यंत्र) बंद, किल्ली खिशात, मिक्स्चर (इंधन-हवेचं प्रमाण ठरवणारा कंट्रोल) कट-ऑफ, चाकांना ठोकळे, आणि प्रोपेलर कधीही फिरेल असं समजूनच त्याच्या वाटेबाहेर उभं राहायचं. पी-लीडची, म्हणजे मॅग्नेटो बंद करणारी, एक तार तुटकी असली तरी ‘बंद’ मॅग्नेटो जिवंत असतो. आणखी एक: मालक-वैमानिकाला स्वतः करता येणाऱ्या किरकोळ कामांत इंजिन कंट्रोलची दुरुस्ती सहसा बसत नाही. शोध तुम्ही घ्या, हात परवानाधारक मेकॅनिकचा लागू द्या, सही त्याचीच. बऱ्याच देशांत इंजिन कंट्रोल सोडून जोडला की दुसऱ्या माणसाने स्वतंत्रपणे तपासणं बंधनकारक असतं. जिथे नसेल तिथेही तपासून घ्यावं.

व्हर्निअर

सेसना १८२ सारख्या विमानांत व्हर्निअर नॉब असतो. मधलं बटण दाबून ढकलला-ओढला की मोठी चाल, न दाबता फिरवला की बारीक. घड्याळाच्या दिशेने फिरवला की नॉब आत जातो, आरपीएम वाढतात.

बहुतेक व्हर्निअरच्या पोटात असं असतं. नॉबच्या पोकळ दांड्यातून बटणाची एक बारीक काडी आत जाते. काडीचा एक भाग जाड, एक बारीक. दांड्याला भोकं, भोकांत छोट्या पोलादी गोळ्या; काही बनावटींत गोळ्यांऐवजी पाचरीसारखे तुकडे. बटण सुटं असताना काडीचा जाड भाग गोळ्यांखाली येतो, त्यांना बाहेर ढकलतो आणि त्या बाहेरच्या नळीच्या आट्यांत रुततात. बटण दाबलं की बारीक भाग खाली येतो, गोळ्या आत पडतात आणि दांडा मोकळा सरकतो. म्हणजे सगळी पकड एका छोट्या स्प्रिंगवर आहे: ती काडीला पूर्ण मागे आणते की नाही यावर.

जुनं ग्रीस वाळून मेणासारखं होतं, त्यात धूळ बसते, आणि काडी शेवटचा मिलिमीटरभर परत येत नाही. गोळ्या आट्याच्या खोबणीत न बसता कडेवर टेकून राहतात. हँगरमध्ये पकडल्यासारखं वाटतं. हवेत थरथरीने गोळी एकेक कड ओलांडते. काटा सावकाश न सरकता दर काही मिनिटांनी टुणकन थोडा वर उडत असेल तर मनात हेच चित्र आणावं.

तपासणी सोपी आहे. बटण हळूच दाबून हळूच सोडा. ते चटकन, शेवटपर्यंत बाहेर यायला हवं; शेवटी रेंगाळलं तर समजायचं. नॉबच्या तोंडापासून बटण किती वर येतं हे कॅलिपरने मोजा आणि त्याच विमानातल्या, त्याच बनावटीच्या मिक्स्चर व्हर्निअरशी ताडून पाहा. प्रॉपचं बटण आत राहत असेल तर निदान झालं. मग बटणाला हात न लावता नॉब सरळ ओढायचा, ताणकाट्याने ओढला तर आकडाही मिळतो. सुदृढ व्हर्निअर अशा ओढीला दाद देत नाही. ही ओढ तीन जागी घ्या: नॉब जवळपास पूर्ण आत असताना, क्रूझच्या जागी, आणि बराच बाहेर असताना. विमानाचं आयुष्य क्रूझच्या थोड्याशा पट्ट्यात गेलेलं असतं, आणि आटे झिजतात ते तिथेच. बाकी जागी पकडतो पण क्रूझला सुटतो, असं दिसलं तर साफसफाईने काही होणार नाही. नवा कंट्रोल.

तिन्ही जागी सारखाच सुटत असेल तर साफसफाई करून पाहायला हरकत नाही. नॉब पूर्ण बाहेर ओढा. खाली कापड धरा, कारण या पॅनेलमागे तारांची जत्रा असते. मिनरल स्पिरिटने ओला केलेला मऊ ब्रश दांड्यावर आणि बटणाच्या कडेने फिरवा, बटण वीस-तीस वेळा दाबा-सोडा, पुसा, पुन्हा. कापडावर तपकिरी चिखल यायचा थांबला की सुकू द्या. नंतर उत्पादकाने सांगितलेलं वंगण, सांगितलं असेल तरच, थेंबभर. हाताशी असलेला सर्वगुणसंपन्न स्प्रे मारू नये. तो दोन दिवस जादू करतो, मग उरलेलं ग्रीस धुऊन नेतो आणि महिन्याभरात धूळ ओढतो. सिलिकॉनचा स्प्रे तर कॉकपिटमध्ये आणूच नये. तो स्विचच्या संपर्कांपर्यंत पोचतो आणि पुढे रंगकामालाही त्रास देतो. ग्राफाइट अ‍ॅल्युमिनियमला गंजवतं.

साफसफाईनंतर पाच-दहा तास चांगले जाऊन पुन्हा सरकायला लागला, तर स्प्रिंग थकली किंवा गोळ्या झिजल्या. बहुतेक व्हर्निअर कारखान्यातच दाबून बंद केलेले असतात; ते उघडून दुरुस्त करायची सोय नसते आणि मंजुरीही नसते. उघडून ‘जमवलेले’ व्हर्निअर जुन्या विमानांत सापडतात. दांड्याच्या बुडाशी पक्कडीचे ओरखडे दिसले की ओळखावं.

काही जुन्या विमानांत प्रॉपला व्हर्निअर नसून थ्रॉटलसारखा साधा नॉब आणि भोवती खरबरीत कडं असतं. कडं आवळलं की आतला चिरा पाडलेला कोलेट दांड्याला धरतो. इथे बहुतेक वेळा दोष तेलाचा: कुणीतरी ‘घट्ट चालतो’ म्हणून दांड्याला तेल लावलेलं असतं. पुसून कोरडं करा. तरी सरकला तर कोलेटची आतली बाजू चकाकते का ते पाहा. आरशासारखी गुळगुळीत झाली असेल तर बदला.

क्वाड्रंट

पायपर अ‍ॅरोसारख्या विमानांत लीव्हर असतात, सगळे एकाच आडव्या बोल्टवर ओवलेले, मध्ये घर्षणाच्या चकत्या, आणि बाजूला ही सगळी चळत आवळणारा फ्रिक्शन लॉक. इथे सरकण्याचं कारण म्हणजे तेलकट झालेल्या, झिजलेल्या किंवा चुकीच्या क्रमाने लावलेल्या चकत्या.

क्रम महत्त्वाचा का, तर चळतीत दोन जातींच्या चकत्या असतात. घर्षणाच्या चकत्या लीव्हरला लागून. त्यांच्यामध्ये पोलादी चकत्या, ज्यांना छोटी जीभ असते आणि ती क्वाड्रंटच्या चौकटीत अडकते, म्हणजे त्या फिरू शकत नाहीत. जिभेची चकती नसेल, जीभ तुटली असेल किंवा चकती उलटी बसली असेल, तर एक लीव्हर हलवला की शेजारचा त्याच्याबरोबर खेचला जातो. थ्रॉटल मागे घेतला आणि प्रॉपचा लीव्हर दोन मिलिमीटर मागे आला, अशी तक्रार असेल तर चकत्यांची मोजदाद करा. या प्रकाराला लोक ‘प्रॉप सरकतो’ म्हणतात, पण तो सरकत नसतो, ओढला जात असतो.

उघडताना प्रत्येक थराचा फोटो, आणि चकत्या निघतील त्या क्रमाने एका तारेत ओवून ठेवायच्या. टेबलावर पसरून ठेवल्या तर तासाभराने कुणाचा तरी कोपर लागतोच. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, पूर्ण सुकू द्या. चकत्यांची जाडी मायक्रोमीटरने तीन-चार ठिकाणी मोजा. एका बाजूला पातळ झालेली चकती कितीही आवळली तरी अर्धीच धरते. पार्ट्स कॅटलॉगमध्ये चकत्यांचे नंबर असतात, किंमत फार नसते, आणि लीव्हर एवढे उघडलेच आहेत तर सगळ्या बदललेल्या बऱ्या. हार्डवेअरच्या डब्यातला दिसायला तसाच वॉशर भरीला घालू नये: फ्रिक्शन लॉकच्या आट्यांची चाल ठरलेली असते, जाडी बदलली की लॉक एकतर लवकर घट्ट होतो किंवा पूर्ण आवळूनही तळाला टेकतो आणि चळत सैलच राहते.

हा तळाला टेकण्याचा प्रकार वेगळा ओळखता येतो. लॉक आवळताना शेवटी हाताला कडक, धातूवर धातू असा थांबा जाणवतो, तरीही लीव्हर सहज हलतो. निरोगी चळतीत लॉक आवळत जाताना लीव्हर हळूहळू जड होत जातो.

चकत्या कोरड्याच बसवायच्या. केबिन साफ करताना पॅनेलवर मारलेली चकाकीची पॉलिश हेही तेलच, आणि ते लीव्हरच्या फटीतून बरोबर आत जातं. पुढच्या वेळी पॉलिश कापडावर घ्यावी, पॅनेलवर नाही.

केबल, क्लॅम्प आणि शेवटचा सांधा

नॉब हलत नाही पण आर्म हलतो, हा प्रकार पकडायला अवघड आणि जास्त धोक्याचा. पुश-पुल केबल म्हणजे आतली तार आणि बाहेरचं कॉन्ड्युइट. तार ढकलते-ओढते ती कॉन्ड्युइटचा आधार घेऊन. कॉन्ड्युइट सरकलं तर नॉब कुलूपबंद असूनही आर्म मोकळाच.

गव्हर्नरजवळचा क्लॅम्प आधी पाहायचा. एमएस२१९१९ जातीच्या रबरी गादीच्या क्लॅम्पमधली गादी उष्णतेने कडक होते, चिरते, आणि कॉन्ड्युइट आत फिरायला लागतं. हाताने कॉन्ड्युइट धरून पीळ द्या आणि मागेपुढे करा. दोन्हीपैकी काहीही हललं तर क्लॅम्प बदला. साधी गादी इंजिनकडच्या बाजूला टिकत नाही, उष्णता सोसणारी लागते. क्लॅम्प ज्या ब्रॅकेटवर बसतो त्याच्या वाकाच्या कोपऱ्यात भेगा बघा. शंका असेल तर डाय पेनिट्रंट (भेगेत शिरून ती दाखवणारा रंग) लावा; भेग रंगाखाली केसासारखी लपते.

मग कॉन्ड्युइटच्या टोकाचं दाबून बसवलेलं फिटिंग. फिटिंग आणि कॉन्ड्युइट यांच्या सांध्यावर गंजाची तपकिरी भुकटी दिसली तर तिथे धातू घासतोय. हे आवळता येत नाही, चिकटवता येत नाही. केबल बदला.

केबलच्या वाटेकडेही बघायला हवं. इंजिन रबरी माउंटवर डुलतं, सुरू-बंद होताना तर चांगलंच. फायरवॉल आणि इंजिन यांच्यामध्ये केबलला ढिलं वळण हवं. क्लॅम्प इंजिनवरच्या ब्रॅकेटवर असेल तर इंजिन हललं तरी तार आणि आर्म एकत्रच हलतात, फरक पडत नाही. पण वळण ताणलेलं असेल तर इंजिन खाली बसलं की केबल खेचली जाते. माउंट जुने होऊन इंजिन झुकलं की जी केबल वर्षानुवर्षं बरोबर होती ती अचानक तोकडी पडते, आणि चढतानाचे आरपीएम व क्रूझचे आरपीएम नॉब न हलवता वेगळे दिसू लागतात. अशा वेळी कंट्रोल कितीही बदला, दोष माउंटमध्ये असतो.

आता आर्मवरचा सांधा. हा जवळून पाहण्यासारखा आहे. केबलच्या टोकाला रॉड एंड (आत फिरता गोळा असलेला सांधा), बहुधा १०-३२ आट्यांचा, मागे त्याला जखडणारा जॅम नट. रॉड एंडच्या दांड्याला बारीक तपासणीचं भोक असतं. त्यात तार घालून बघा, आरपार गेली तर आटे पुरेसे आत गेलेले नाहीत. रॉड एंडच्या गोळ्यातून एएन३ बोल्ट, तो टोकाला छिद्र असलेला, त्यावर कॅसल नट (खाचांचा नट) आणि त्याला फिरू न देणारी कॉटर पिन. आणि रॉड एंडच्या मोकळ्या बाजूला रुंद वॉशर, एएन९७०-३. हा वॉशर जुन्या विमानांत बऱ्याचदा गायब असतो, कारण तो काय करतो हे कळत नाही. गोळा झिजून घरातून निसटला तर रॉड एंडचं घर बोल्टच्या डोक्यावरून आरामात बाहेर येतं. रुंद वॉशर असेल तर ते त्याला अडतं आणि कंट्रोल लोंबकळत का होईना, जोडलेला राहतो.

गोळ्यात किती ढिलेपणा आहे ते बोल्टच्या अक्षाला आडवा धक्का देऊन पाहा. हाताला खट असं जाणवलं तर रॉड एंड संपला. हा ढिलेपणा आरपीएम सरकवत नाही, हे खरं, पण नॉब वळवल्यावर आधी काहीच होत नाही आणि मग एकदम होतं ते यामुळे. लोक तेही ‘स्लिप’ मध्येच मोजतात.

कॅसल नट आवळण्याचा सर्वसाधारण टॉर्क, १०-३२ च्या जाड नटला २० ते २५ इंच-पाउंड, पातळ शिअर नटला १२ ते १५. विमानाच्या मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच खरा. कमी बाजूने सुरुवात करून छिद्र जुळेपर्यंत आवळायचं. वरच्या मर्यादेलाही जुळलं नाही तर वॉशर बदलून पाहायचं, नट मागे फिरवून जुळवायचं नाही. कॉटर पिन दरवेळी नवी. नुसत्या नायलॉनच्या सेल्फ-लॉकिंग नटवर फिरणारा सांधा सोडू नये, आणि इंजिनच्या उष्णतेत नायलॉनचा भरवसा तसाही नाही.

आर्म शाफ्टवर घसरत असेल तर आर्म काढून दाते भिंगाखाली बघा. दात्यांची टोकं गोल झाली असतील तर दोन्ही बाजू बघायच्या, आर्मही आणि शाफ्टही. नुसता आर्म बदलून झिजलेल्या शाफ्टवर बसवला तर नवे दातेही तीच वाट धरतात. शाफ्ट गेला असेल तर गव्हर्नर दुरुस्ती कार्यशाळेत जातो.

नवी केबल मागवताना विमानाचा सीरिअल नंबर द्या, मॉडेलचं वर्ष नाही. एकाच वर्षात मधूनच बदल झालेले असतात. मिळालेली केबल जुन्या केबलशेजारी जमिनीवर पसरून एकूण लांबी, चालीची लांबी, आटे आणि टोकाच्या स्विव्हल नळीची लांबी जुळवा. फायरवॉलमधून ओवल्यावर ग्रोमेट आणि आगरोधक सीलंट पूर्ववत. तिथे राहिलेली फट म्हणजे केबिनमध्ये धूर यायची वाट. एक्झॉस्टपासून दूर, आणि जाता येत नसेल तर मधे हीट शील्ड.

जोडल्यावर

रिगिंगची (कंट्रोलच्या जुळवणीची) मूळ गोष्ट एकच: आर्म गव्हर्नरवरच्या हाय-आरपीएम स्टॉपला आधी टेकायला हवा, नॉब पॅनेलला नंतर. नॉब पूर्ण आत असताना त्याच्या आणि पॅनेलच्या मध्ये थोडी गादी, म्हणजे मोकळी जागा, उरायला हवी, सहसा दीड ते तीन मिलिमीटर. नेमका आकडा मॅन्युअलमधून. उलटं झालं, नॉब आधी टेकला, तर टेकऑफला पूर्ण आरपीएम मिळणारच नाहीत. ही गादी रॉड एंड फिरवून जमवायची. स्टॉपचा स्क्रू फिरवून नाही. तो स्क्रू गव्हर्नरची आरपीएम मर्यादा ठरवतो. बऱ्याच गव्हर्नरवर एका फेऱ्याला साधारण २५ आरपीएम बदलतात, आणि नॉबच्या गादीसाठी त्याला हात लावणारा माणूस दोन चुका एकदम करत असतो. रॉड एंड फिरवला की जॅम नट आणि तपासणीचं भोक पुन्हा बघायचं.

केबल आर्मला जोडण्याआधी एकदा आर्म हाताने फिरवून पाहा: स्टॉपपासून स्टॉपपर्यंत मोकळा, आणि रिटर्न स्प्रिंग असेल तर सोडल्यावर तिने हाय-आरपीएमकडे परत यायला हवा. केबल एकटी ढकलून पाहा: सारख्या जोराने, मध्ये कुठे अडखळ नाही. दोन्ही स्वतंत्रपणे ठीक आणि जोडल्यावर जड, तर केबल आर्मला सरळ रेषेत येत नाहीये.

इंजिन गरम करून, तेलाचं तापमान हिरव्यात आल्यावर, मॅन्युअलने दिलेल्या आरपीएमला प्रोपेलर तीन वेळा सायकल करा, म्हणजे नॉब ओढून परत आत ढकला. दुरुस्तीआधी लागत होता तेवढाच वेळ आरपीएम पडायला आणि परत यायला लागतो का ते बघा. जमिनीवर उभ्याने पूर्ण थ्रॉटलला आरपीएम लाल रेषेच्या थोडे खाली राहिले तर घाबरू नये. तिथे पात्यांचा लो-पिच स्टॉप मर्यादा घालत असतो, टेकऑफच्या धावेत ते वर चढतात.

हवेत परीक्षा घेताना क्रूझचे आरपीएम लावून नॉबवर नवी पेन्सिलची रेघ. दहा मिनिटं. मग थ्रॉटल मॅनिफोल्ड प्रेशरच्या काट्यावर दोन इंच मागे, परत पुढे. थोडं नाक खाली, वेग वाढू द्यायचा. मग वर. आरपीएमने क्षणभर हलून परत यायला हवं, रेघेने अजिबात हलायला नको. शक्य असेल तर थोड्या खडबडीत हवेतही एकदा, कारण गुळगुळीत हवेत सगळेच कंट्रोल शहाणे असतात.

आणि हे सगळं होईपर्यंत, म्हणजे दुरुस्तीआधी हवेत असताना सरकू लागला तर: नॉब हाताने धरता येत असेल तर धरा, नाहीतर पूर्ण आत ढकलून थ्रॉटलने आरपीएम आणि वेग आटोक्यात ठेवत जवळच्या धावपट्टीवर उतरा. फाइन पिचमध्ये विमान वेगवान मोटारीत खालच्या गिअरला असल्यासारखं ओरडतं. ओरडू द्यावं, लाल रेषेच्या खाली ठेवावं.

लॉगबुकमध्ये ‘प्रॉप कंट्रोल अ‍ॅडजस्ट केला’ एवढंच लिहू नका. काय सरकत होतं, कुठल्या दिशेने, कोणता भाग बदलला, पार्ट नंबर, गादी किती मिलिमीटर ठेवली, टॉर्क किती. सांध्यावर आणि क्लॅम्पवर टॉर्क सीलच्या ताज्या रेघा ओढा, आणि साधारण दहा तासांनी काउलिंग पुन्हा उघडून त्या रेघा अखंड आहेत का ते बघा.